खुर्चीच्या पाठीवरचे पंजे

१२ ऑक्टोबर
वर्षभर या वहीत एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल वहीची माफी. अलेक्झांड्रियाच्या तंत्रविद्यालयात दरवर्षी तेच शिकवताना लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. आता घडलं. आजपासून मी कैरोबाहेरच्या आशिर शहरात, मालक हाग सुबही (हाजीला इथे हाग म्हणतात) यांच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या कारखान्यात प्रशिक्षणप्रमुख. नवं मोल्डिंग मशीनही आजच उतरलं. माझी सही झाल्याशिवाय एकही कामगार त्यावर उभा राहणार नाही, ही अट हागनी हसत मान्य केली. जुन्या मशीनवर इथे दोघांची बोटं गेली आहेत. आणखी कुणाचं जाऊ द्यायचं नाही, त्यासाठीच मी आले. फोरमन उस्ता शिहातांनी गरम तामिया, म्हणजे डाळीचे वडे, खाऊ घातले आणि विचारलं, समुद्रकाठचे लोक मशीनलाही पोहायला शिकवतात का. दिवस मजेत गेला.

१४ ऑक्टोबर
मशीनसाठी मेंढा कापला. इथली रीत : रक्तात हात बुडवून मशीनवर पंजा उठवायचा, म्हणजे त्याची भूक तिथेच भागते आणि ते पुढे माणसाचं रक्त मागत नाही. आम्ही काढणार पांढऱ्या खुर्च्या. मला डाग परवडणार नव्हता. मन कुणाचं दुखवायचं नव्हतं, म्हणून तोड काढली : मशीनला गुंडाळलेलं पातळ प्लास्टिक काढू नका, पंजे त्याच्यावरच उठवा. चपलांचा कारखाना सोडून आलेला वफाई तोंडाळ आहे. वाकड्या करंगळीचा पंजा उठवत म्हणाला, बाशमुहंदिसा, म्हणजे इंजिनियरबाई, मशीनला कपड्यांसकट आंघोळ घालतायत. उस्तांनी माझंही उजवं मनगट धरून पंजा उठवला.
दुपारी प्लास्टिक सोललं. आमच्या धंद्यात ते टाकून देत नाहीत. धुऊन, वाळवून, ग्राइंडरचा पहिला धडा म्हणून तेच दळलं आणि खुर्च्यांसाठी वितळवायच्या प्लास्टिकच्या दाण्यांत मिसळलं. स्वतःवर खूश होते.

१९ ऑक्टोबर
खुर्च्यांच्या पाठीवर चंदेरी रेघा. दाण्यांत ओल राहिली की असं होतं. ड्रायरचं तापमान वाढवलं. साचा, दाब, हवा निघायच्या वाटा, सगळं तपासलं. रेघा पंज्यासारख्या दिसतात, असं वफाई म्हणाला. मी त्याला ओल कशी पसरते ते फळ्यावर काढून समजावलं. मला स्वतःला ते पटलं होतं का?

२३ ऑक्टोबर
सगळा माल उपसला, मशीन आतून साफ केलं, सीलबंद पोत्यांतले दाणे घातले. पंजे आहेतच, आता पेरांसकट. साचा मात्र आरशासारखा स्वच्छ. मशीनच्या कंपनीला फोन केला, तर म्हणे, कामगारांना पुन्हा प्रशिक्षण द्या. इतका संताप आला की नमस्कार न करताच फोन ठेवला. हागचं म्हणणं, मांडववाले ताटकळलेत, आणि खुर्चीची पाठ बघतंय कोण, लोक टेकून बसतात.
उस्ता आज चेष्टेत नव्हते. म्हणाले, पंजा मशीनला बाहेरून दाखवायचा असतो. आपण तो दळून त्याच्या तोंडात घातला. मी असलं काही मानत नाही, असं सांगितलं. मग हात का लावलात, त्यांनी विचारलं. 

२६ ऑक्टोबर
खुर्च्यांवरचा वाकड्या करंगळीचा पंजा वफाईचा, हे सगळ्यांना ठाऊक. आज सकाळपासून त्या पंज्याला करंगळी नाही. मी त्याला मशीनवरून काढून पॅकिंगला बसवलं. खुर्चीनं माझी चहाडी केली का, त्यानं विचारलं. कुणी हसलं नाही.

२७ ऑक्टोबर
वफाईची करंगळी गेली. पॅकिंगची पट्टी आवळायच्या साध्या यंत्रात. मशीनपासून इतक्या लांब — आणि तिथे मीच बसवलेलं. हॉस्पिटलात म्हणाला, बाशमुहंदिसा, तशी ती वाकडीच होती. धीर तो मला देत होता.
खुर्च्यांवर त्याचा पंजा आता उमटत नाही.

२९ ऑक्टोबर
उस्तांचा पंजा. अंगठा नाही.
मशीन बंद करा, मी म्हणाले. हाग म्हणाले, एका करंगळीसाठी कारखाना बंद करायचा का. मी मेन स्विच पाडला. दिवे गेले. तरीही साचा मिटला — उघडला — आत खुर्ची.

३० ऑक्टोबर
मशीनच्या दाराच्या काचेवर माझा उजवा हात टेकला, चुकून. पुढच्या खुर्चीवर उस्तांचा अंगठा परत आला. माझ्या पंज्याचं एक बोट कमी. हात काढला — पुन्हा त्यांचा अंगठा नाही. परत ठेवला. परत आला. एकदा घडलं तर योगायोग, पुन्हा पुन्हा घडलं तर कारण, हे मीच शिकवते.
उस्तांना सांगितलं नाही. ते मला तिथून ओढून नेतील.

३१ ऑक्टोबर
हात काचेवर धरून ठेवला, खुर्च्यांमागून खुर्च्या. एकेकाचा पंजा पुसत गेला. उस्तांचा सर्वांत शेवटी. सगळे मोकळे.
आता फक्त माझा. बोटं नाहीत. तळवाही — नुसतं मनगट.
उस्तांनी विचारलं, आमच्या रेघा गेल्या कशा. ओल होती, म्हटलं.
नव्या तुकडीतल्या मुलांच्या प्रमाणपत्रांवर सह्या राहिल्यात —
उद्या : डाव्या हातानं सही करायला शिक—