वर जायचं बटण

१४ मे २००५, सकाळ.
यमुनाआत्या फार वर्षांपूर्वी म्हणाली होती, "विभा आवरायला लागली की घरातल्यांनी आपापल्या वस्तू हातात धरून बसावं." मी ते कौतुक समजते.
आजपासून कॉम्प्युटर आवरणार. वल्लरीचा 'पुणे' नावाचा फोल्डर सारखा समोर येतो. बारावी झालेल्या मुलीनं जयपूर सोडून होस्टेलवर राहायचं म्हणे. डिलीट करणार नाही. मी तसली आई नाही.

१७ मे, दुपार.
कॉम्प्युटरच्या मासिकात बघून डेस्कटॉपवर 'घर' नावाचा शॉर्टकट केला. एक्सप्लोरर, स्लॅश रूट, कॉमा, मग 'घर' फोल्डरचा पत्ता. आधी कॉमा राहिला, भलतंच उघडलं. आता डबल क्लिक केलं की फक्त घर: फोटो, पाककृती, आमच्या मानसरोवर कॉलनीतून बसनं जाता येतील अशी तीन कॉलेजं. त्याच्या वर, म्हणजे 'पुणे'कडे, जाताच येत नाही. वर जायचं बटण फिकं पडतं. पंधरा वेळा दाबून पाहिलं. डेस्कटॉपवरचे बाकीचे आयकॉन काढले.

२० मे.
वल्लरी कॉम्प्युटरवर बसली. 'घर' उघडलं, बंद केलं, उठून गेली.

२६ मे.
पुण्याचा विषय बंद! उमाकांतांना, वल्लरीच्या पप्पांना, सांगितलं. म्हणाले, "एकदा बोल की तिच्याशी." विम्याच्या ऑफिसात राहून माणसाला सगळीकडे धोकाच दिसतो.

२ जून, संध्याकाळ.
धुळीची आंधी. आकाश पिवळं, लाईट गेलेले, यूपीएस केकाटतोय. वल्लरी शांतपणे शर्टाला बटण लावत होती. कधी शिकली? म्हटलं, दे, मी लावते. "रहने दे मम्मी. मला यायला पाहिजे."
घरकामाची गोडी लागली म्हणायची.

५ जून.
तिच्या कपाटाचा एक खण रिकामा. नीटनेटकेपणा माझा घेतलाय.

९ जून, अकरा वाजता.
'घर'वर डबल क्लिक केलं. 'पुणे' उघडला. एक फाईल निळी झालेली: ॲडमिशनचं पत्र. तेरा तारखेला हजर व्हायचं.
शॉर्टकट तपासला. रूट काढून तिथे स्लॅश सिलेक्ट लिहिलंय, पुढे त्या पत्राचा पत्ता: फोल्डर उघडून तीच फाईल दाखवायची. कॉमा बरोबर. पत्राशेजारी स्कॅन केलेला ॲडमिशनचा फॉर्म. सही उमाकांतांची, तारीख १८ मे.
वल्लरी मागेच उभी होती. ओरडली नाही. "फोल्डर वहीं था, मम्मी. फक्त तुझ्या विंडोत दिसत नव्हता. मला विचारायचं ना." मग म्हणाली, "पप्पा येतायत सोडायला. तू नको येऊस."
गाडी परवाची. उद्या वाटेतल्या खाऊचा डबा भरताना तिला विचारणार आहे: नुसती प्लॅटफॉर्मपर्यंत येऊ का, गाडी सुटेपर्यंत? एक शब्द बोलणार नाही.
नाहीच म्हणेल.