पावडर लावायची नाही

प्रिय आत्या,

आधीच सॉरी. माझं शुद्धलेखन तुला माहितीये. नववीत शाळा सोडली तेव्हा मराठीच्या बाई सुटल्या असतील. त्यात उजवा हात हलवायचा नाही, म्हणून डाव्या अंगठ्याने टाइप करतेय. गोगलगाय बरी. चुका सांभाळून घे.

ऑपरेशन झालं. आईने तुला छोटीशी गाठ काढली असं सांगितलं असेल. गाठ नव्हती. काखेतली गळवं, जी यायची, फुटायची आणि परत तिथेच यायची, ती आतून बोगद्यासारखी जोडली गेली होती. म्हणून तेवढी सगळी कातडीच काढली. टाके नाहीत घातले. त्या खड्ड्यात काळा स्पंज बसवलाय, वरून पारदर्शक चिकटपट्टी, आणि त्यातून एक नळी मशीनला जाते. मशीन आतली हवा ओढत राहतं, घाण डब्यात जमते आणि जखम खालून भरत येते म्हणे. स्पंज आक्रसून असा कडक होतो ना, की आत कुणीतरी मूठ आवळून बसलंय असं वाटतं. मशीन सारखं घुरघुरतं. झाडू मारणाऱ्या मावशी म्हणतात, पोरी, लग्नाआधीच घोरणारा मिळाला तुला. मी हसते, पण ती घुरघुर जरा बदलली तरी लगेच नळी तपासते.

परवा तेच झालं. मी ज्यांच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालते त्या काकू भेटायला येणार होत्या. चादर झटकायला दोघींनी हात वर करायचे असतात, आणि मी कायम कोपर अंगाला चिकटवून, म्हणून त्या मला पेंग्विन म्हणतात. त्यांना वास येऊ नये म्हणून मी पट्टीच्या कडेकडेने पावडर थापली. पट्टी सुटली, फुस्स करून हवा आत गेली आणि मशीन असं कोकलायला लागलं की अख्खा वॉर्ड माझ्याकडे बघायला लागला. मला वाटलं, आता मी मरते. सिस्टर धावत आल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पुसता पुसता म्हणाल्या, अगं, पावडरवर पट्टी चिकटत नाही, आणि वास कुणालाच येत नाहीये. हे पावडरीचं कुणी शिकवलं तुला? मी डबा उशीखाली सरकवला.

उद्या स्पंज बदलायचाय. मागच्या वेळी तो आत चिकटला होता, मिठाचं पाणी ओतून सोडवला. मी ओरडले नाही, उशी चावली. डॉक्टर म्हणतात, उद्या एकदा जखमेकडे नीट बघ, घरी गेल्यावर तुलाच सांभाळायचीये. मला बघायचं नाहीये गं. मधेच हाड दिसलं तर? आई बाहेरच थांबते, तिला चक्कर येते.

डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात अजून कुणाला आहे का. आई बाबांकडे बघायला लागली, बाबा पंख्याकडे. दोघंही नाही म्हणाले. पण आत्या, मला पहिलं गळू आलं ते मी आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. तू नुसतं माझ्या हाताकडे बघितलंस आणि स्वतःचा पावडरचा डबा मला दिलास, सैल बाह्या घाल म्हणालीस. तू उन्हाळ्यातही पूर्ण बाह्या घालतेस. एवढी उंच असून फळीवरचं काढायला स्टूल घेतेस. तुलाही आहे का? मी कुणाला सांगणार नाही, शप्पथ. असेल तर उद्या दुपारी ये आणि मी बघेन तेव्हा शेजारी उभी राहा. यायला नाही जमलं तर नुसतं हो असं लिहून पाठव. एवढं सगळं असूनही माणूस नोकरी करतं, हसतं, चाळिशीचं होतं, हे मला कळलं तरी मी बघेन. आणि नसेल तर राग नको मानूस.

तुझीच,
छोटी

ता. क. बाबांनी मिशी काढलीये. कुणालाच न विचारता.