मागं न सरकणारी जीप

मु. तांडा, ता. उमरखेड, जि. यवतमाळ
मंगळवार, १८ जुलै १९६१

प्रिय रामधन,

तुझ्या तीन पत्रांना मी उत्तर दिलं नाही आणि आता एकदम एवढं जाड पाकीट आलं म्हणून घाबरू नकोस. कोणी मेलेलं नाही. एक जीप तेवढी बुडाली होती, तीही निघाली. होस्टेलात तू अजून सगळ्यांना सांगत असशील, की अमरसिंगनं इंटरच्या रसायनशास्त्राच्या पेपरात कॉपीची चिठ्ठी चावून गिळली आणि सुपरवायझरच्या तोंडावर ढेकर देऊन कॉलेज सोडलं. त्यातला ढेकर खरा आहे. चिठ्ठीचं शेवटी सांगतो. तू माझ्या मागच्याच बाकावर होतास, म्हणून सगळ्यांत आधी ते तुलाच कळायला पाहिजे.

आधी दुसरं सांगतो. पलीकडच्या तांड्यात एक मुलगी आहे. नाव आत्ता विचारू नको. आमचा तांडा पैनगंगेच्या अलीकडं, तिचा पलीकडं. उन्हाळ्यात नदीतून शेळ्यासुद्धा जा-ये करतात, पण एकदा पाणी चढलं की चार महिने काठावर उभं राहून एकमेकांच्या चुलीचा धूर पाहायचा. दीड वर्षापूर्वी उमरखेडच्या बाजारात मी तिच्यासमोर कॉलेजच्या गोष्टी करून राह्यलो होतो, तर ती म्हणाली, "एवढं शिकून राह्यला, पण पूर आला की काठावरच बसते ना? मग माझ्या बापाच्या बैलात अन् तुझ्यात काय फरक?" रामधन, तुझ्यासारख्या थंड माणसाला हे कळायचं नाही, पण माझे त्या दिवसापासून कान तापलेले आहेत.

तिचे वडील म्हणजे तिकडच्या तांड्याचे नायक, तिथले मुखिया. त्यांचं मत तर आणखी सोपं. मी कॉलेज सोडून आलो तेव्हा त्यांनी चारचौघांत सांगितलं, "अर्ध्यातून उठणारा माणूस पंगतीत चालत नाही, तो जावई कायले पाह्यजे?" मी त्यांना काही विचारलं नव्हतं रे. पण मनातलं माझ्या तोंडावर दिसतं, हे तुला ठाऊक आहे.

दोन वर्षांपूर्वी जुनी नाव काठालाच बांधलेली होती, ती पुरात गेली. या वर्षी दोन्ही तांड्यांनी मिळून श्रावण भोयाकडून नवी नाव बनवून घेतली. ठरलं असं, की पाणी वाढलं की नाव दरडीवर ओढून घ्यायची आणि उतरलं की पुन्हा नदीत सोडायची. पण ओढणार कोण? पावसाळ्यात बैल पिकातलं तण काढायला डवऱ्याला जुंपलेले. नावेसाठी बैल सोडा म्हटलं तर लोक सोयरीक मोडतील. सगळे विचारात पडले आणि मी उठून उभा राहिलो. "मोटर आणू. जुनी चालेल. मी निवडतो, मी चालवतो." नायकांनी एवढंच विचारलं, "पुरी चालवशील ना?" लोक हसले. मग मी माघार घेणार होतो काय?

निवडायला माझ्यासोबत दादा आले. नेमसिंग दादा, माझे आजोबा. त्यांच्या वडिलांनी बैलांच्या पाठीवर मीठ लादून अर्धा देश पालथा घातलेला, तेव्हा ओझं ओढणाऱ्या कोणत्याही वस्तूवर शेवटचा शब्द आपलाच, अशी त्यांची खात्री. बाभुळगावला एका देशमुखाची फोर्ड पाहिली. मागच्या सीटवर कोंबडी अंड्यावर बसलेली. ती उठेना, तर देशमुख म्हणाले, पिल्लं निघेपर्यंत थांबा. दादांनी मोटरच्या तोंडाखाली हात घातला, पाणी गळत होतं, तर खूश! "नाक ओलं आहे. जनावर निरोगी." मग मागं जाऊन त्यांनी तिच्या पुठ्ठ्यावर एक थाप मारली, तर मडगार्ड खाली पडलं. "बसकं आहे," म्हणाले आणि चालू लागले.

यवतमाळला किसनराव ठेकेदाराकडे लढाईच्या वेळची जीप होती. झरीच्या जंगलातून लाकडं ओढलेली, रंग उडालेला, पण हँडल मारलं की अशी गुरकावली की माझा जीव तिथंच जडला. किसनरावांनी मोठ्या मैदानात मला बाजूला बसवून चार चकरा मारल्या. दादा एका जागी उभे राहून नुसते पाहत होते. जीप थांबल्यावर त्यांनी विचारलं, "मागं सरकते काय हे?" बैल घेताना हा त्यांचा ठरलेला प्रश्न. पुढं तर कोणतंही जनावर पळते म्हणतात, उतारावर ओझं पाठीशी घेऊन जे मागं सरकते, ते खरं. किसनराव मोठ्यानं हसले. "बाबाजी, हे बैलाचं गिऱ्हाईक दिसते! जीप पुढं जायले बनवली. कॉलेजवाले साहेब, तुम्हीच सांगा बाबाजीले." दादांना हसला म्हणून मला राग आला, मला साहेब म्हणाला म्हणून आनंद झाला, आणि दोन्ही एकदम झालं की माझं काय होतं ते तू पाहिलेलं आहेस. मी तिथंच सौदा केला. दादांनी फक्त जीपकडे पाहून मान हलवली. एखाद्या नव्या सुनेकडे पाहून हलवावी तशी.

पुसदच्या बाजारात समोरून कडब्याची बंडी आली तेव्हा कळलं. मागचा गेर नव्हताच. दांडा त्या जागी जात होता, पण आत त्याचं ऐकणारं कोणी नव्हतं. मी लोकांना सांगितलं, इंजिन तापलं आहे, जरा मागं ढकला. चार जणांनी ढकललं. दादा सीटवरून उतरले नाहीत. पुढच्या चाळीस मैलांत एकदा वाट चुकली, तर वळण्यासाठी मी एका माणसाच्या तुरीच्या शेताला पूर्ण वेढा घालून आलो. तो दगड घेऊन मागं लागला. एवढं होऊनही मी तांड्यात कोणाला काही सांगितलं नाही. कसं सांगू? पंधरा दिवस मी जीप अशीच उभी करायचो, की पुन्हा पुढंच जावं लागेल.

मग नाव पाण्यात सोडायचा दिवस आला. बंडीचं जुनं आख काढून श्रावणनं नावेसाठी दोनचाकी गाडा केलेला, तो जीपच्या मागं जोडलेला. दोन्ही काठांवर माणसं. पलीकडं तीही होती, लाल ओढणीत, लांबूनही ओळखू येत होती. नायक सकाळीच कमरेएवढ्या पाण्यातून अलीकडं आलेले. नारळ घेऊन गाड्यावरच्या नावेत बसले, म्हणाले, पहिला मान माझा. श्रावण म्हणाला, "भाऊ, आता वळव अन् मागनं उतरव. आधी नाव पाण्यात गेली पाह्यजे." आता सांग रामधन, त्या वेळी, तिच्यासमोर, काय म्हणणार होतो मी? मी म्हणालो, "ती जुनी तऱ्हा झाली. आता तोंडानंच उतरवतात."

आणि उतरवलं की! जीप तोंडानं सरळ पैनगंगेत गेली. पाणी पायाला लागलं, मग मांडीला, मग छातीला. इंजिन फुरफुरून बंद पडलं. मागं मात्र काम झकास झालं होतं. नाव गाड्यावरून अलगद उचलली गेली आणि नायकांना घेऊन डुलत डुलत चालली. वल्ही काठावरच राहिलेली. नायक नारळ पोटाशी धरून ओरडत होते, "अमरसिंग! थांबव!" मी काय थांबवणार? मी हॉर्न वाजवत होतो. तोही थोड्या वेळानं पाण्यात बुडबुडे काढू लागला. श्रावणनं उडी घेतली म्हणून नाव सापडली. आणि पलीकडच्या काठावरून, एवढ्या पाण्यावरून, मला तिचं हसणं ऐकू आलं. ओढणीत तोंड खुपसून हसतात तसं नाही. मोकळं.

जीप काढायला दादा आपले दोन म्हातारे बैल घेऊन आले. बैलांनी ती मागच्या मागं ओढून वर आणली. सगळ्यांसमोर दादा एवढंच म्हणाले, "हे सरकतात." नायक ओल्या धोतरानं माझ्यापुढं उभे राहिले. "कॉलेज अर्धं. आता मोटरही अर्धीच आणली. लेका, पुरं असं तुझ्याजवळ काय आहे, तेवढं दाखवशील कधी?"

त्या रात्री मी जीप विहिरीत ढकलणार होतो. दादांनी सकाळी उठवलं आणि घाटावर नेलं. दरडीवरून पाण्यापर्यंत आम्ही दोन चाकोऱ्या खणल्या, आणि इंजिन वाळल्यावर वर शेतात जीप गोल वळवून, मागं गाड्यावर नाव चढवून, तोंड तांड्याकडं करून उभी केली. दादा म्हणाले, गेर काढून टाक आणि पाय ब्रेकवर ठेव. मी ठेवला. नावेचं ओझं आपोआप खाली ओढू लागलं आणि जीप त्याच्यासोबत एकेक बोट मागं सरकू लागली, चाकोरीतून, हळू, एकही आवाज न करता. उतारावर मागं जायला गेर लागत नाही रे. फक्त दम धरावा लागतो, आणि तोच माझ्याजवळ नव्हता. आता आहे. तीन आठवड्यांत तीन पूर आले, तिन्ही वेळा नाव वर घेतली, तिन्ही वेळा सोडली. एक खेप चुकवली नाही. भाजी विकणारी मोतीबाई रोज माझ्याच नावेनं जाते. परवा तिच्या हाती पलीकडून निरोप आला, "जीपला पोहणं शिकवून झालं असंल तर मलेही शिकव म्हणा." मोतीबाई म्हणाली, हे सांगताना पोरगी हसत नव्हती.

आता चिठ्ठीचं. मी गिळली ती कॉपी नव्हती. त्यात रसायनशास्त्राचं एक अक्षर नव्हतं. तिच्या बाजारातल्या प्रश्नाचं उत्तर होतं ते, पेपर लिहिता लिहिता एकदम सुचलेलं, आणि वर तिचं नाव होतं. सुपरवायझरनं ते नाव मोठ्यानं वाचलं असतं, म्हणून खाल्लं. हे खरं सांगण्यापेक्षा कॉलेज सोडलेलं परवडलं. नाव बिजली. तिचे वडील भावसिंग नायक. आता तू ही दोन्ही नावं पुन्हा वाचत असशील. कारण काल नायक स्वतः माझ्या नावेत बसले आणि म्हणाले, "रविवारी पाहुणे येणार आहेत. अमरावतीला पुरं शिकून राह्यलेला पोरगा आहे, रामधन म्हणून. बिजलीले पाह्यले येते. उमरखेडहून जीपनं घेऊन ये, अन् नाव चांगली धुऊन ठेव." तुला ठाऊक नव्हतं, हे मला माहीत आहे. मी नाव धुतली आहे. तू ये. न येणं म्हणजे तुझ्या बापूंचा अपमान, आणि तेवढ्यानं माझं काही भलं होणार नाही. मी तुम्हाला नीट पार करीन, मधे थांबवणार नाही. श्रावणनं सुचवलं होतं, मी नाही म्हटलं. तुला पोहता येत नाही हेही मी कोणाला सांगितलेलं नाही. फक्त पोहे खाऊन झाल्यावर बिजलीला एकटीला एवढं विचार, की नदीत जीप गेली तेव्हा तू काहून हसली? तिचं उत्तर ऐक आणि मग तुझं तू ठरव. ती तुझी झाली तर दोघांना याच नावेतून मी आणीन, तोरण बांधून. पण तिच्या तोंडावर मला जे वाटतं ते तुला दिसलं, तर रामधन, तू थंड डोक्याचा आहेस, तुझ्याजवळ मागं सरकायचा गेर आहे. परतीला तुम्हाला श्रावण आणेल, तेव्हा जीप दरडीवर तांड्याकडं तोंड करून उभी असेल आणि माझा पाय ब्रेकवर असेल.

वाट पाहत, अलीकडच्या काठावर,
तुझाच,
अमरसिंग