आमीन लिहिण्यापूर्वी वाचावे

आदरणीय आपा,

सलाम. आधी तुझ्या तब्येतीची विचारपूस, मग तुझ्या गुडघ्यांची वेगळी (ते तुझ्यापेक्षा वयाने मोठे झालेत, असं तूच म्हणतेस). इथे सगळं ठीक आहे असं लिहिणार होतो, पण ठीक नाही.

तुझ्या भावजयीचा उजवा हात मोडल्यापासून चूल माझ्याकडे आहे. चाळीस वर्षं लेथवर लोखंड कातलं, पण कणीक हाताला चिकटते तसं लोखंड कधी चिकटलं नाही. असो. पहाटेच्या नमाजनंतर घरच्या ग्रुपवर धर्माचा एखादा मेसेज पाठवायची माझी सवय तुला माहीत आहे. (आलेलाच पुढे ढकलतो. बारीक अक्षर दिसत नाही. वर फुलं असली की आत चांगलंच असणार, असं धरून चालतो.) गेल्या जुम्म्याला चहा उकळत ठेवून असाच एक पाठवला. फुलांखाली लिहिलं होतं, जी बायको नवऱ्याआधी उठून त्याला चहा देत नाही तिची नमाज कबूल होत नाही. तू त्याखाली आमीन लिहिलंस. तूही वाचलं नव्हतंस, हे मी तिला शपथेवर सांगितलं.

तिने माझ्या हातचा चहा घेतला, फोन पाहिला आणि म्हणाली, "मग आता माझी नमाजही तुम्हीच पढा, चहासारखी." आणि ग्रुप सोडून गेली. भांडली असती तर बरं होतं. आता कामापुरतं बोलते.

घाबरून इमामसाहेबांकडे गेलो. हे कुठे लिहिलंय, असं त्यांनी मलाच विचारलं. मी म्हटलं, फोनमध्ये. ते म्हणाले, "आपले पैगंबर स्वतःची चप्पल शिवत, घरातली कामं करत. ते नाही पाठवलंत?" मी म्हटलं, ते मला कुणी पाठवलं नाही.

मग जन्मात पहिल्यांदा स्वतःचा मेसेज लिहिला (दोन तास लागले). तू त्याला अंगठा दिलास, पण तोही न वाचताच दिला असशील म्हणून इथे पुन्हा लिहितो: 'मागचा मेसेज चुकीचा होता. सर्वांनी आमीन परत घ्यावे. आजही भाजी करपली, तिने मुकाट्याने खाल्ली. अल्लाह तिचा सब्र कबूल करो.' सव्वीस अंगठे आले. जिच्यासाठी लिहिलं, ती ग्रुपवर नाही.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. ग्रुप तू चालवतेस. तिला परत घे. मी सांगितलं, असं सांगू नकोस.

ता. क. दुसरा. खरं तर पत्र यासाठी लिहिलं. तिची वेणी मी घालतो, ती सुटते. तीन पेडांतला कुठला कुठून जातो, ते कागदावर काढून पाठव. सून तिच्या घरून रोज येऊन घालून द्यायला तयार आहे, पण मीच नको म्हटलं.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवायच्या आत आजचीही सुटली. ती हसली. त्या जुम्म्यानंतर पहिल्यांदाच. वेणीच्या चित्राची घाई नाही.