चिलटांना वारा लागू नये म्हणून

आलुबुखारांचे बागाईतदार आणि जनुकशास्त्राचे पळपुटे विद्यार्थी श्रीयुत राडोये यांस वुकाशिनचा सप्रेम नमस्कार.

तुझा गुडघा काय म्हणतो? आईंचा रक्तदाब? आणि ती तांब्याची दारूभट्टी? (भट्टीची चौकशी मुद्दाम शेवटी केली. आधी केली असती तर आई रागावल्या असत्या.) इकडे सर्व ठीक, असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

यंदा उत्क्रांतीच्या वर्गात एकवीस मुलं आहेत. पहिल्या तासाला मी देसांकाबाई आपल्या वर्गात आणायच्या तीच जुनी पिशवी काढली, लाल आणि पांढऱ्या घेवड्याची. डोळे मिटून दहा दाणे उचलायचे, त्यांच्याच प्रमाणात पुढची पिढी भरायची, पुन्हा दहा उचलायचे. नवव्या पिढीला पांढरे संपले. एका मुलीनं कळवळून विचारलं, "सर, पण पांढऱ्यांचं चुकलं काय?" म्हटलं, काही नाही गं, संख्या लहान असली की योगायोगाचं राज्य असतं. आणि एकदम आपला वर्ग आठवला. अठरा होतो. बहुतेक कॅनडात आणि ऑस्ट्रियात गेले, एक (ज्याला चिलटातला नर कुठला आणि मादी कुठली हे परीक्षेतसुद्धा सांगता आलं नाही) मंत्रालयात चढला, तू बागेत, आणि मी इथे पिशवी धरून. निसर्गानं तुझी निवड केली असं तू चार पेल्यांनंतर सांगत असतोस. कुणी निवड केली नाही, राडोये. तू पिशवीतून खाली पडलास, एवढंच.

एक्क्याण्णवचा तो सप्टेंबर आठवतो? देसांकाबाई आपल्याला तुझ्या आजोबांच्या बागेत चिलटं धरायला घेऊन गेल्या होत्या. आजोबांना वाटलं, राजधानीतून अठरा जण त्यांच्या घरातली घाण मोजायला आलेत. "माझ्या घरात माशा? माझ्या?" बाई शांतपणे म्हणाल्या, "आजोबा, फळ चांगलं असल्याशिवाय ती फिरकत नाहीत." मग काय, पेले भरले गेले, आणि आजोबा स्वतः टोपीनं चिलटं हाकत बाटलीत घालायला लागले. परतीच्या बसमध्ये आपण सगळे गात होतो आणि तू बाटल्यांच्या खोक्यावर बसलास. वाचली ती नऊ. त्या नऊंच्या वंशाची ‘आजोबांची ओळ’ चालली. दर गुरुवारी नवी बाटली, नवी मक्याची लापशी, अशी तेहतीस वर्षं. येत्या शुक्रवारी बाई ती बघायला येणार आहेत. शहाऐंशी वर्षांच्या झाल्या. म्हणाल्या, "डोळे जायच्या आत आजोबांच्या मंडळींना एकदा भेटून घेते."

आणि काल सोमवारी आजोबांची मंडळी संपली.

झालं असं, की चिलटांच्या थंड कपाटात पंखा असतो. गेल्या शुक्रवारी आमच्या प्रयोगशाळेतल्या रुझामावशीला वाटलं, बिचाऱ्यांच्या अंगावर सारखा वाऱ्याचा झोत येतोय, मूत्रपिंडं गारठतील, आपल्याकडे सगळ्या आया म्हणतात तशी. म्हणून बाराही बाटल्या उचलून रेडिएटरवर ठेवल्या, वरून लोकरीची शाल. एकोणीस अंशांत वाढणारा जीव तो! सोमवारी शाल उचलली तर सगळी लापशीत आडवी. मावशी म्हणाली, "निदान वाऱ्यानं तरी नाही गेली."

कळावे, लोभ आहेच, तो आता उपयोगी पडावा.

तुझा,
वुकाशिन

ता. क. हे पत्र आजच्या बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतो आहे. गुरुवारच्या बसनं त्याच्याचकडे तुमच्या बागेतली मूठभर चिलटं दे. बाटलीला कापसाचा बोळा लाव, बूच नको. बाईंना काही कळणार नाही. चिलटासारखं चिलट.

ता. क. २. पत्र बसवर नेऊन द्यायला मावशीकडे दिलं होतं, तिनं ते वाचलं आणि परत आणून आपटलं. "खरं लिहा, सर." लिहितो. शाल तिची, मागून मी आणली. बाटल्या मी हलवल्या. वाऱ्याच्या झोतानं कुणी आजारी पडत नाही असं वीस वर्षं मुलांना हसत हसत शिकवलं. पण शुक्रवारी मान धरली होती, कपाट उघडलं, गार वारा मानेवर आला, आणि हात आपोआप पुढे झाले. वाऱ्यावरचं वाक्य मात्र मावशीचंच.

ता. क. ३. मावशीच्या देखत बाईंना फोन करून सगळं कबूल केलं.  बाई हसायलाच लागल्या. "अरे गाढवा, ती ओळ तर त्र्याण्णवच्या बिनविजेच्या हिवाळ्यातच गोठून मेली. बाजारातल्या कुजक्या सफरचंदांवरची धरून आणली मी. राडोयेचे आजोबा त्याच आठवड्यात गेले होते, आणि तो रोज येऊन विचारायचा, बाई, आजोबांची मंडळी कशी आहेत? काय सांगणार होते मी त्याला?"

तर गुरुवारी ड्रायव्हरकडे काही देऊ नकोस. शुक्रवारी चिलटं घेऊन तूच ये. या वेळी खोक्यावर मात्र बसू नकोस.