तोंडल्याचा सॉस

येरवडा, पुणे
२ डिसेंबर २०२४

चि. चैताली हिस आजीचे अनेक आशीर्वाद आणि सप्रेम जयभीम.

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळे खुशाल, म्हणजे मी आणि तुझी आई. आणखी आहे कोण. पत्र मी सांगते आहे आणि लिहिते आहे तुझी आई. ती तुझ्याशी बोलत नाही, हे तुला ठाऊक आहेच. पण सासूनं सांगितलेलं लिहायचं नाही, असं तिनं अजून ठरवलेलं नाही, तोवर मी माझं काम उरकून घेते. खालचे दीनानाथ भाऊजी पोस्टातून निवृत्त झालेत, दिवसभर रिकामे, मी लिहून देतो म्हणून मागे लागलेत. त्यांचं अक्षर बरं नाही, असं सांगून मी त्यांना वाटेला लावलं. मला काय कळतंय अक्षरातलं. तुझ्या आईचं मात्र मी वाचता येत नसूनही लांबून ओळखते. सोललेल्या वाटाण्यासारखं, गोल आणि रांगेत.

राग कशाचा, ते पुन्हा सांगते, म्हणजे तिच्याच हातानं कागदावर येईल. तू हिंजवडीची नोकरी सोडलीस याचा तिला राग नाही, असं ती म्हणते. गडचिरोलीच्या पार टोकाला मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका झालीस, याचाही नाही. तू राजीनामा दिलास हे तिला कंपनीच्या बसचा ड्रायव्हर पोपट याच्याकडून कळलं, याचा आहे. माझा संजय गेल्यावर अकरा वर्षं ती स्वतःचं ऑफिस सांभाळून तुझा डबा भरत होती, आणि शेवटी बातमी दिली पोपटनं. एवढं सांगून मी थांबले, तर म्हणाली, आत्याबाई, पुढे बोला, शाई वाळते आहे. हातात बॉलपेन आहे.

आता सॉसचं. सव्वीस जानेवारीला तुला बेचाळीस मुलींना बर्गर खाऊ घालायचा आहे, आणि सॉस तोच हवा, जो तुम्ही मायलेकी पगाराच्या रविवारी नगर रोडला जाऊन खायचात. म्हणून आम्ही दोघी गुरुवारी तिथे गेलो. बर्गर एक घेतला आणि सॉसच्या पुड्या सहा मागितल्या. काउंटरवरची मुलगी म्हणाली, एका बर्गरला एकच पुडी मिळते, आजी. मी म्हटलं, मग बर्गर ठेव तुला, पुड्या दे. तुझी आई तेव्हा छताकडे बघत होती. तीन मिळाल्या.

मसाला कुटायच्या डंकावर तीस वर्षं काढली, जिभेला एवढं तरी यायला हवं. आधी आंबट लागतं, मग गोड, मग नाकात चढते ती मोहरी. शेवटी धुराचा वास येतो, तो तिखटाच्या मिरचीचा नाही, रंगाच्या मिरचीचा. आणि दाताखाली मध्येच काहीतरी काकडीसारखं येतं. तुझी आई म्हणाली, त्याला घर्किन म्हणतात. मी म्हटलं, म्हणू देत, आपण तोंडल्यावर भागवू.

तर असं कर. अर्धी वाटी दूध, मीठ आणि अर्धा चमचा मोहरीची पूड मिक्सरच्या भांड्यात घे. दूध उकळूनच वापरावे, तिकडचे दूध कसे असते सांगता येत नाही. मिक्सर चालू ठेवून वाटीभर तेल बारीक धारेनं सोड. लोण्यासारखं दाटलं की एक चमचा व्हिनेगर, तीन चमचे टोमॅटो सॉस, चमचाभर साखर, लसणाची एक पाकळी ठेचून आणि ब्याडगी मिरची तव्यावर काळपट भाजून तिची पूड. तोंडली अगदी बारीक चिरून चार तास साखर घातलेल्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेव, पिळून वरून घाल. पिण्याचे पाणीही उकळून घ्यावे. स्वेटर पेटीत तळाशी, चादरीच्या घडीत आहे. थंडी वाढली की काढावा. आपला सॉस आणि पुडीतला सॉस शेजारी ठेवून मी डोळे मिटून चाखला. ओळखू आला. पुडीतला जरा जास्त शहाणा लागतो.

उत्तर सविस्तर लिही. वाचून दाखवायला माणूस घरातच आहे. लोभ आहेच, तो मिठासारखा बेतानं वाढवावा.

तुझी आजी,
रतन (अंगठा)


मु. वसतिगृह, जि. गडचिरोली
१४ डिसेंबर २०२४

ती. आजीस सविनय जयभीम.

मी मजेत आहे. फोनची रेंज पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर चौथ्या पायरीला येते आणि पाचव्या पायरीला जाते, म्हणून पत्रंच बरी.

सॉसची ट्रायल घेतली, ती फसली. तोंडली बाजारात मिळाली, ब्याडगी मिळाली, मोहरी होती. पत्रात लिहिल्याप्रमाणे दूध उकळलं आणि लाईट जायच्या आत उरकावं म्हणून लगेच मिक्सरला लावलं. दाटलं काहीच नाही. खाली पाणी, वर तेल. पाचवीतली एक मुलगी बराच वेळ बघत होती. तिनं विचारलं, मॅडम, ही आमटी बर्गरवर घालतात की बर्गर आमटीत बुडवतात? मी आधीच सगळ्यांसमोर फुशारकी मारून बसले आहे की माझी आजी कुठल्याही पुडीतला मसाला ओळखते. काय चुकलं ते सांग.

दुसरं एक विचारायचं आहे. स्वेटर खरंच पेटीत निघाला. पण आजी, तो मी भरलेला नव्हता. तो आईनं विणलेला. न सांगता निघाले होते, वर तिच्या हातचं घेऊन जायची लाज वाटली, म्हणून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवून आले होते. तुझा हात त्या कप्प्याला पोचत नाही. मग पेटी उघडली कुणी?

आईला आधी सांगितलं असतं, तर ती एकदाच नाही म्हणाली असती आणि मी थांबले असते. तेवढ्यासाठी सांगितलं नाही. चुकलं माझं. हे तिला सांग. नको, राहू दे. सांग.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर मुलींचे पालक जेवायला असतात. तुमच्या घरचं कुणी येणार का, असं मुली रोज विचारतात. मी कामात आहे असं दाखवते. तुम्ही दोघी याल का? बर्गर नाही जमले तर पिठलं आहेच.

तब्येत सांभाळ. माझ्यावरची माया जरा उतू गेली तरी चालेल.

तुझी,
चैताली


येरवडा, पुणे
२७ डिसेंबर २०२४

चि. चैतालीस आशीर्वाद आणि जयभीम.

तुझं पत्र तुझ्या आईनं मला दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा दीड मिनिट लागलं. सॉस फसला, थंडी आहे, मुली गुणी आहेत, तब्येत सांभाळ. दुसऱ्यांदा वाच म्हटलं तर त्यातली थंडीही गेली. मला वाचता येत नाही, पण पानं मोजता येतात. पाठपोट लिहिलेली दोन पानं होती. सगळ्या घराला शिकवण्यात माझा नंबर लागेपर्यंत डोळ्याला मोतीबिंदू आला, पण तो काढलाय हे तुझी आई विसरली असावी.

म्हणून पत्र पदराखाली घेऊन, दळण टाकून येते असं सांगून, मी दीनानाथ भाऊजींकडे गेले. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मध्ये एकदा चष्मा पुसला. पोस्टात अडतीस वर्षं गेली, पण दुसऱ्याचं पाकीट उघडायला कधी मिळालं नव्हतं बिचाऱ्यांना.

आता मी सांगते ते तुझी आई जसंच्या तसं लिहिणार आहे. मी दूध थंड घ्यायला सांगितलं होतं. उकळायचं मी बोललेच नव्हते. पिण्याचं पाणी माझ्या तोंडून गेलेलं नाही. आणि स्वेटर पेटीत आहे, हे मला तुझ्या पत्रातूनच कळलं. तेव्हा तुझा सॉस फाडला कुणी, ते तुला समजलं असेल.

इथे पेन थांबलं होतं. ती उठून चहा करून आली. चहात साखर नव्हती, मी तसाच प्यायले. आता पुन्हा बसली आहे.

तर दूध उकळायचं असेल तर उकळ, पण पातेलं गार पाण्यात ठेवून पार थंड होऊ दे. मग लाव मिक्सरला. बेचाळीस मुलींचं एकदम करू नकोस, चार घाण्यांत कर. तेलाची धार उदबत्तीच्या काडीएवढी. त्या पाचवीतल्या मुलीला माझा निरोप सांग, तिची शंका रास्त होती.

सव्वीस जानेवारीचं बोलावणं मला घरात कुणी वाचून दाखवलं नाही, ते भाऊजींकडून कळलं. माझे गुडघे जिना उतरतानाच दोनदा विचार करतात, ते गडचिरोलीला यायचे नाहीत. तुझी आई येणार का, हे मी तिला विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. माझ्या अंगठ्याखाली एक ओळ मोकळी सोडायला सांगते आहे. तिथे काय लिहायचं, काही लिहायचं की नाही, तिचं ती बघेल. माझ्यापासून लपवायला तिला काही कष्ट नाहीत.

लोभ होता तेवढाच आहे, थंडीनं थोडा घट्ट झालाय.

तुझी आजी,
रतन (अंगठा)

दूध पूर्ण थंड करावे. स्वेटर घालावा.


येरवडा, पुणे
१६ जानेवारी २०२५

चि. चैतालीस आशीर्वाद आणि जयभीम.

अक्षर वेगळं दिसतंय ना. आज दीनानाथ भाऊजी लिहीत आहेत. एक शब्दही आपल्या पदरचा घालायचा नाही, अशी शपथ त्यांना घातली आहे. त्यांना सुरुवातीला चार ओळी पावसापाण्याच्या घालायच्या होत्या. जानेवारीत.

तुझी आई बावीस तारखेच्या गाडीनं नागपूरला निघते आहे. ऑफिसच्या कामानं, असं तिनं मला सांगितलं. ऑफिसच्या कामाला कुणी अडीच किलो तोंडली घेऊन जात नाही. काल ती नगर रोडला एकटीच जाऊन आली. पर्समध्ये सॉसच्या चार पुड्या आहेत. मी शोधल्या नाहीत, गोळ्या बघत होते. तिकडे बस पोचायची वेळ तिनं कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवली आहे, ती भाऊजी वाचून सांगतात, दुपारी सव्वातीन, तेवीस तारीख.

मला हे काही ठाऊक नाही, असं आम्ही दोघींनी ठरवलं आहे. म्हणजे ठरवलं मी, पण तिचीही हरकत दिसत नाही. तुला आधी कळवते, कारण या घरात बातमी मागाहून कळली की काय होतं ते आपण पाहिलं. स्टँडवर जा. आणि आल्या आल्या माफी मागायला लागू नकोस, दमलेली असेल, आधी बसायला दे.

बाकी सगळं ठीक. भाऊजींना लोभ असावा असं लिहायचं होतं. मी म्हटलं, असतोच, नव्यानं मागायची गरज नाही.

तुझी आजी,
रतन (अंगठा)


मु. वसतिगृह, जि. गडचिरोली
२७ जानेवारी २०२५

ती. आजीस सविनय जयभीम.

हे पत्र दीनानाथ आजोबा तुला वाचून दाखवतील, पण त्यांच्या हातात द्यायच्या आधी तू ते लांब धरून बघ. ओळखलंस ना? मी सांगते आहे आणि लिहिते आहे आई. माझे दोन्ही हात तेलाचे आहेत. काल पोट भरलं नाही म्हणून मुलींनी आज पुन्हा सॉस मागितला आहे.

आई बसमधून उतरली तेव्हा मी बोलायचं सगळं पाठ करून गेले होते. ती माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती, अंगात स्वेटर आहे का ते बघत होती. होता. मग तिनं तोंडल्यांची पिशवी माझ्या हातात दिली आणि दूध कुठून घेता, असं विचारलं. पहिलं वाक्य ते. मी तिला बसायला दिलं, तू सांगितल्याप्रमाणे. पाठ केलेलं मग रात्री जेवताना सांगितलं, निम्मं विसरले.

चारही घाणे जमले. आईनं पातेलं हौदात बुडवून दूध इतकं थंड केलं की वसतिगृहाच्या स्वयंपाकीण बाई घाबरल्या. पाव जरा कडक होते, आतली बटाट्याची टिक्की बरी झाली. मग आईनं पर्समधल्या पुड्या काढल्या आणि मुलींना डोळे मिटून दोन्ही सॉस चाखायला दिले. पुडीतला नापास झाला. त्या पाचवीतलीनं कारण दिलं की त्यात तोंडलं नाही.

आणखी एक. माझी नेमणूक मार्चमध्ये संपते. मला पुढच्या वर्षीही इथेच राहायचं आहे. मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही, आज सकाळी आईला पहिल्यांदा सांगितलं. ती नाही म्हणाली. एकदाच. मग उरलेली तोंडली चिरायला बसली. बराच वेळ चिरत होती. अर्ज कधी द्यायचा असतो, असं तिनं शेवटी विचारलं, आणि आता हे लिहिताना ती मी जिथे चुकते तिथे माझे शब्द सुधारते.

रविवारी तिला नागपूरच्या गाडीत बसवून देईन. तुझ्यासाठी एक बाटली पाठवते, जीभ लावून मार्क दे.

इकडची माया सध्या दोघींची आहे, तेव्हा वाटीही मोठी घे.

तुझी,
चैताली

ता. क. आत्याबाई, तुमच्या बीपीच्या गोळ्या फ्रीजवरच्या निळ्या डब्यात आहेत. जेवणानंतर न विसरता घ्याव्यात. जिना एकटीने उतरू नये.

ता. क. २. वरचं मी सांगितलेलं नाही. ही ओळ माझ्या हातची, तेलाच्या डागावरून ओळख.