जपानी सूड आणि तात्यांचा फेटा

आबा, तुमचा तो काळापांढरा जपानी सिनेमा काल मी मोबाईलवर शेवटपर्यंत पाहिला. श्रीरामपूरच्या आपल्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात कुणीतरी बिघडलेल्या व्हीसीआरमध्ये त्याची कॅसेट विसरलं होतं. मशीन नीट झालंय का बघावं म्हणून तुम्ही ती लावलीत आणि हातातला टेस्टर तसाच धरून बसून राहिलात. भाषा ओ की ठो कळत नव्हती, तरी भर दरबारात अपमान झालेला तो तलवारवाला तुम्हाला सख्ख्या भावापेक्षा जवळचा वाटला. कारण सख्ख्या भावाशी तुमचा अबोला होता. या थोरल्या भावानं, तात्यांनी, त्यांच्या मुलाच्या लग्नात मांडवभर फेटे बांधले आणि तेवढं तुम्हाला वगळलं होतं. "बघ," पडद्याकडे बोट करून तुम्ही मला म्हणालात, "किती वर्सं थांबलाय गडी. बोलत न्हाई, नुसता टपून हाय." ऐन लढाईच्या तोंडावर टेप अडकून तुटली. शेवट राहिला, पण तुमचा बेत पक्का झाला होता.

ताईच्या लग्नात तुम्ही फेटेवाल्याच्या कानात सांगितलंत, "त्या थोरल्यांना तेवढं बांधू नको." तो तात्यांना ओलांडून पुढच्या खुर्चीकडे जातो. तुम्ही खांबाआडून बघताय, तुमच्यामागे मी, आता तात्या मांडव सोडून जाणार. तात्या उठतात, सरळ येऊन तुमचा हात धरतात.

"लई बरं केलंस. फेट्यानं डोकं उकडून निघतं. माज्याकडच्या लग्नात तुज्या डोक्यावर गळू हुतं, म्हनून मी बी सांगितलं हुतं, याला बांधू नको, ठनकंल."

गळू तुम्ही साफ विसरला होतात. "मग तवाच सांगायचं की!" तुम्ही ओरडलात.

"तू बोलत हुतास व्हय?"

एकाच पंगतीला दोघं शेजारी जेवलात. पण तुम्ही जिलबीला हात लावला नाही. इतका जपलेला सूड असा वाया गेल्यावर गोड कसं लागणार!

तर शेवट असा आहे, आबा. तो गडी शत्रूला गाठतो. बराच वेळ दोघं नुसते उभे, वाऱ्यानं गवत हलतं तेवढंच. मग एकच वार. आणि नंतर तो पडलेल्या माणसाकडे बघत राहतो, घरची वाट विसरल्यासारखा. मांडवात तुमचा चेहरा असाच झाला होता. सूडानंतर हाती काही उरत नाही, हे एक शब्दही न बोलता दाखवलंय, म्हणून तो सिनेमा मोठा. मला ते अगदी पटलं. फक्त, तुम्ही आता या जगात नाही, हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून कबूल करतो, तो वार बसला तेव्हा मी खुर्चीतून उठून "हाण!" असा ओरडलो, की बायको लाटणं घेऊन स्वयंपाकघरातून धावत आली.